साडेआठची नोंद

“दिवसातून किती वेळा?” फिजिओथेरपिस्ट मुलाणी मॅडमनी विचारलं.

“करतो,” आण्णा म्हणाले.

“करता ते कळलं. किती वेळा करता?”

आण्णांनी माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीवरच्या तक्त्याकडे पाहिलं. तक्ता मीच आखला होता. सकाळी स्पंजचा चेंडू पन्नास वेळा दाबायचा, दुपारी एका वाटीतले राजमे उजव्या हातानं उचलून दुसऱ्या वाटीत टाकायचे, संध्याकाळी भिंतीला धरून अंगणाच्या टोकापर्यंत जाऊन यायचं. बावीस दिवसांच्या सहासष्ट चौकटींत सहा खुणा होत्या. सहाही खुणा मॅडम आल्या त्या दिवसांच्या, आणि त्या समोर बसलेल्या असतानाच्या.

“म्हणजे मी येते तेवढंच,” मॅडम म्हणाल्या. “मग इथंच राहायला येऊ का? सासरचे आनंदानं सोडतील, पण स्कूटी कुठं लावू?”

“या की,” आई आतून म्हणाली. “भाकरीला कमी न्हाय आपल्याकडं.”

आण्णा हसले नाहीत. रागावलेही नाहीत. मॅडमनी रक्तदाब मोजायच्या यंत्राचा पट्टा गुंडाळला, थोडा फुगवला, त्यांच्या उजव्या मुठीत दिला आणि म्हणाल्या, “दाबा.” आण्णांनी लगेच दाबला. काटा अठ्ठावन्नवर गेला. “अजून.” पुन्हा अठ्ठावन्न. “अजून. सोडू नका. अजून.” त्यांनी वीस वेळा दाबला. मॅडम पट्टा पिशवीत ठेवायला वळल्या आणि आण्णांचा हात मांडीवर पडला तो तसाच राहिला, मूठ अर्धी उघडी.

मी माझ्या वहीत अठ्ठावन्न लिहिलं. मागच्या खेपेलाही अठ्ठावन्नच होतं.

दारात चपला घालताना मॅडम हळू आवाजात म्हणाल्या, “हे बघ कांचन, पहिले तीन महिने सगळ्यात मोलाचे. नऊ डिसेंबरला झालं ना? म्हणजे नऊ मार्च. त्यानंतर हात येतच नाही असं नाही, पण आता दहा दिवसांत जे येईल त्याला मग वर्ष लागतं. कसंही कर, पण यांना उठव.”

“कसं?”

“ते मला माहीत असतं तर आठवड्यातून दोनदा आटपाडीवरून धूळ खात आले असते का? यांना कशाची ओढ आहे ते बघ. त्यातनं काहीतरी निघेल.”

मी त्या वेळी बावीस वर्षांची होते. सांगलीला भौतिकशास्त्रात बी.एस्सी. करून, एम.एस्सी.चा प्रवेश थोडक्यात हुकल्यामुळे वर्षभर घरी होते. आण्णा, म्हणजे माझे वडील, नामदेव मेटकरी, गावच्या हायस्कुलात प्रयोगशाळा सहायक होते. वय चौपन्न. डिसेंबरमध्ये एका सकाळी मोरीपाशी ते उजव्या अंगावर कोसळले. गावात म्हणतात तसं, त्यांच्या अंगावरून वारं गेलं. सांगलीच्या डॉक्टरांनी मला पडद्यावर मेंदूचं चित्र दाखवलं. डाव्या बाजूला, खूप आत, हरभऱ्याच्या दाण्याएवढा डाग होता. “एवढाच?” मी विचारलं होतं. डॉक्टर म्हणाले, “कुठं आहे त्यावर असतं.”

बोलणं आठवड्यात सुधारलं. स्मरण शाबूत होतं. पाय महिन्याभरात बऱ्यापैकी आला, काठीवर चालता येत होतं. हात राहिला. आणि दुसरं एक काहीतरी राहिलं, ज्याला आमच्या घरात नाव नव्हतं.

आण्णा दिवसभर पडवीतल्या कॉटवर बसून असायचे. टीव्ही लावला तर बघायचे, बंद केला तर बंद पडद्याकडे बघायचे. हातावर माशी बसली तर ते माशीकडे बघायचे. आई समोर ताट ठेवायची, ते जेवायला सुरुवात करत नाहीत असं पाहून दुधात भाकरी कुस्करून स्वतःच भरवायची. भरवलं की खायचे.

“मनाला लावून घेतलंय त्यांनी,” आई म्हणायची.

शेजारचे तात्या, आण्णांचे चुलत भाऊ, म्हणायचे, “लावून कसलं घेतोय? आयतं मिळतंय. मला भरवा कुणी, मी पण हलणार न्हाय.”

मी दोन्ही शक्यता तपासायच्या ठरवल्या.

“आण्णा, वाईट वाटतं का?”

“नाही.”

“भीती वाटते?”

“कशाची?”

“मग काय वाटतं?”

ते विचार करत होते हे दिसत होतं. “काही नाही,” ते म्हणाले. थर्मामीटर वाचून आकडा सांगावा तशा आवाजात.

ते रडत नव्हते, रात्री झोपत होते, चिडत नव्हते. दुःखाची लक्षणं जमत नव्हती. आळशी तर ते आयुष्यात कधी नव्हते. त्यासाठी मला पुरावा शोधायची गरज नव्हती, तो घरामागेच उभा होता.

आमच्या घरामागे तारेच्या चौकोनी कुंपणात एक पर्जन्यमापक आहे. हिरवट फायबरचं, कमरेएवढ्या उंचीचंही नाही असं भांडं. वर नरसाळं, आत बाटली. पडलेला पाऊस बाटलीत साठतो, तो रोज सकाळी साडेआठला काचेच्या मोजपात्रात ओतायचा आणि मिलिमीटरमध्ये आकडा नोंदवहीत लिहायचा. हवामान खात्याचं हे काम आण्णांकडे एकोणतीस वर्षं होतं. आमचा भाग कोरडा. वर्षातले सव्वातीनशे दिवस आकडा शून्यच. तरी आण्णा रोज जायचे, कुलूप काढायचे, नरसाळं उचलायचे, रिकामी बाटली मोजपात्रावर उपडी करायचे आणि शून्य लिहायचे. लहानपणी मी विचारलं होतं, “ऊन पडलंय हे इथून दिसतंय की. मग कशाला जायचं?” ते म्हणाले होते, “पाहिल्याशिवाय शून्य होत नाही.”

एकोणतीस वर्षांत वहीत एकही रिकामी जागा नव्हती. मी जन्मले त्या दिवशीही नोंद आहे, शून्य. आण्णा पडले त्या दिवशीही आहे. तात्यांच्या जीपमधून आम्ही सांगलीला चाललो होतो. तासगावच्या पुढे आण्णा वाकड्या तोंडानं काहीतरी बोलू लागले. “साडे... साडे...” मला वाटलं वेळ विचारतायत. “सव्वाआठ झालेत, आण्णा.” त्यांनी मान हलवली. “साडेआठ.” मग मला कळलं. मी काकूंना, तात्यांच्या बायकोला, फोन लावला, किल्ली कुठं असते ते सांगितलं, आणि कानाला फोन धरून काकू आयुष्यात पहिल्यांदा त्या कुंपणात शिरल्या.

“काय दिसतंय, काकू?”

“काय न्हाय गं. एक कोळी हाय.”

“पाणी?”

“त्याला प्याला सुदीक न्हाय.”

मी आण्णांच्या कानात म्हटलं, “शून्य.” त्यांनी डोळे मिटले.

तेव्हापासून रोजची नोंद मी घेत होते. मुलाणी मॅडम ओढीचं बोलल्या त्या संध्याकाळी मी याच वहीचा विचार करत बसले. या माणसाला काही उठवणार असेल तर तीच उठवेल. मी नोंद घेत होते म्हणून त्यांना उठायची गरज पडत नव्हती. आई भरवत होती म्हणून हात ताटाकडे जात नव्हता, तसंच हे. गरज निर्माण केली तर काय होतं ते पाहायचं.

४ फेब्रुवारीला मी नोंद घेतली नाही. वही कॉटशेजारच्या स्टुलावर उघडी ठेवली, फेब्रुवारीचं पान वर, पेन मधे. पर्जन्यमापकाची किल्ली पेनाशेजारी. आईला सांगितलं नाही. आण्णांना अर्थातच नाही. सांगितलं तर ते माझ्या समाधानासाठी उठतील आणि मग निष्कर्षाला काही अर्थ राहणार नाही, असा माझा तर्क होता. पडवीच्या दुसऱ्या टोकाला मी पुस्तक घेऊन बसले.

माझ्या वहीत त्या दिवसाची नोंद अशी आहे: ‘८.२७ ला घड्याळाकडे पाहिलं. ८.३० ला पुन्हा. ८.३३ ला वहीकडे. ८.४० ला आईनं चहा दिला. उठले नाहीत.’

दुसऱ्या दिवशीही तसंच झालं. तिसऱ्या दिवशी ८.२९ ला त्यांनी डावा हात कॉटच्या कडेवर टेकवला. हात तिथंच राहिला. नऊ वाजता मी जाऊन त्यांच्या पाठीमागची उशी सरळ केली.

वहीत रिकाम्या चौकटी वाढत होत्या. एकोणतीस वर्षांत पडलं नाही ते खिंडार मी पाडत होते, हे मला कळत होतं. पण हात परत आला तर ते स्वस्तात पडलं असतं, असा हिशेब मी केला होता. मार्चची नऊ तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लाल गोलात होती.

सहाव्या दिवशी सकाळी आई गच्चीवरून मिरच्यांचं सूप घेऊन खाली आली. “कांचन, मिरच्या मऊ लागत्यात गं. थेंब पडलं का काय पहाटं?”

“दव असेल.”

“फेब्रुवारीत एवढं दव?”

“असतं,” मी म्हटलं. अंगण कोरडं होतं. आठ वीस झाले होते आणि मला आण्णांच्या डोळ्यांवर लक्ष ठेवायचं होतं.

दहाव्या दिवशी ते घड्याळाकडे सात वेळा बघताना दिसले. बाराव्या दिवशी दोन वेळा. मी निष्कर्ष लिहिला: ‘नोंदवहीचं महत्त्व उरलेलं नाही.’ आणि खाली सरळ रेघ मारली.

तेराव्या दिवशी अकरा वाजता मुलाणी मॅडम आल्या. पट्टा फुगवला. अठ्ठावन्न. त्यांनी पट्टा गुंडाळून ठेवला आणि आईला म्हणाल्या, “काकी, मी आठवड्यातून एकदाच येते आता. तुमचे पैसे घेऊन मी नुसतं ‘दाबा, दाबा’ म्हणायचं, त्यात काही राम नाही.”

आईनं पदर डोळ्यांना लावला. आण्णा तिच्याकडे बघत होते, माशीकडे बघावं तसं.

“ते तू काय लिहीत असतेस?” मॅडमनी मला विचारलं.

मी वही त्यांच्या हातात दिली आणि प्रयोग सांगितला. आण्णांसमोरच सांगितला, कारण आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं. मॅडम एकेक पान वाचत गेल्या. वाचताना त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या.

“तेरा दिवस तू त्या कोपऱ्यात बसून यांच्याकडे बघत होतीस?”

“हो.”

“आणि ते उठले नाहीत म्हणून यांना वहीची फिकीर नाही, असं काढलंस?”

“दुसरं काय निघतं?”

“यांना विचारलंस?”

“विचारलं असतं तर प्रयोग बिघडला असता.”

मॅडम मोठ्यानं हसल्या. ते हसू चांगलं नव्हतं. “शाबास. शिकलेली पोरगी.” त्या कॉटकडे वळल्या आणि स्टुलावरच्या नोंदवहीकडे बोट केलं. “मेटकरी, ही वही कुणाची?”

“माझी.”

“किती दिवस रिकामे आहेत?”

आण्णांनी वहीकडे पाहिलंही नाही. “तेरा.”

आईनं पदर खाली केला. माझ्या हातातलं पेन मी कधी मिटलं ते मला आठवत नाही.

“मग उठला का नाहीत?”

आधी मला वाटलं, हेही ‘काही नाही’वर जाणार. पण त्यांचे ओठ हलत होते, शब्द शोधत असल्यासारखे.

“उठायचंच होतं,” ते म्हणाले. “रोज साडेआठला उठायचं ठरवायचो. मग नऊ व्हायचे.”

“पाय दुखायचा?”

“नाही.”

“मग अडलं कुठं?”

“कुणी चला म्हटलं नाही.”

मॅडम माझ्याकडे वळल्या. “माझ्या स्कूटीचा सेल्फ गेल्या महिन्यात गेला. पेट्रोल आहे, इंजिन आहे, सगळं आहे, पण बटण दाबून सुरू होत नाही. किक मारली की पळते. तू काय केलंस? तेरा दिवस लांब उभी राहिलीस, गाडी आपसूक सुरू होते का ते बघत.”

दोन महिने माझ्यासमोर जे होत होतं ते मी लिहिलंसुद्धा होतं. मॅडम ‘दाबा’ म्हणाल्या की लगेच दाबणं, आई घास पुढे करेल तेव्हा तोंड उघडणं, सगळं. पण आम्ही घरातले त्यांना सांगत नव्हतो, विचारत होतो. आण्णा, करायचं का? आण्णा, बसून कंटाळा नाही आला? जरा फिरून येता का? ते ‘करू’ म्हणायचे आणि ते खरंच तसं म्हणत असणार. आमच्या घरात ‘चला’ म्हणायचा मान एकट्या आण्णांचा होता. शाळेला चला, जेवायला चला, साडेआठ झाले चला. त्यांना चला म्हणायची कुणाला सवयच नव्हती. आम्ही तो उद्धटपणा समजत होतो.

“चला,” मॅडम आण्णांना म्हणाल्या.

आण्णांनी काठी घेतली आणि उठले.

कुंपणाचं कुलूप मी काढलं. नरसाळं मी उचलणार होते, पण मॅडमनी माझा हात बाजूला केला. “मेटकरी, उचला. उजव्यानं.” आण्णांनी डाव्या हाताचा आधार दिला आणि उजव्या हातानं नरसाळं वर घेतलं. बाटली बाहेर काढली. मी मोजपात्र धरलं, कोरडा आवाज ऐकायच्या तयारीत. बाटलीतून पाणी आलं.

थोडंच होतं, पण पाणी होतं. मी मोजपात्र डोळ्यांच्या रेषेत धरलं. दोन पॉइंट चार.

“हे कुठून आलं?” मी विचारलं.

“नऊ तारखेला,” आण्णा म्हणाले. “पहाटे. पाचच्या सुमाराला. पत्र्यावर वाजत होता, दहा-बारा मिनिटं. तू झोपली होतीस.”

“मी म्हटलं न्हवतं?” आई मागून म्हणाली. “मिरच्या मऊ लागत्यात म्हणून? दव म्हणं, दव.”

मॅडम गेल्या. जाताना दारातून ओरडल्या, “दोनदाच येणार, काकी. एकदाचं सोडा.” त्या दुपारी मी राजम्याच्या वाट्या आण्णांसमोर ठेवल्या आणि म्हटलं, “टाका.” माझा आवाज विचित्र आला. त्यांनी सगळे टाकले, एकोणचाळीस दाणे, चौदा मिनिटं. “परत.” त्यांनी परत टाकले. रात्री आईनं ताट ठेवलं तेव्हा मी म्हटलं, “जेवा. तुमच्या हातानं.” अर्धी भाकरी चादरीवर सांडली, अर्धी पोटात गेली. आईला ते बघवेना, ती आत जाऊन उभी राहिली.

झोपण्यापूर्वी मी नोंदवही उचलली. महिनाअखेरीला पान खात्याकडे जायचं होतं. तेरा रिकाम्या चौकटी मला बघवत नव्हत्या, आणि आता त्या भरायला माझ्याकडे माहिती होती. पाऊस कधी पडला हे आण्णांनी सांगितलं होतं, किती पडला हे मी मोजलं होतं. बाकीचे दिवस आकाश निरभ्र होतं. मी निळ्या पेनानं बारा शून्यं लिहिली आणि ९ तारखेपुढे २.४ लिहिलं. बेरीज जुळत होती. दिसायला पान पूर्वीसारखं झालं.

सकाळी आठ चौदाला मी पडवीत आले. आण्णा कॉटच्या कडेला पाय सोडून बसले होते. मांडीवर नोंदवही होती. डाव्या कोपरानं त्यांनी पान दाबून धरलं होतं आणि उजव्या मुठीत पेन होतं, चाकू धरावा तसं. पेन कागदावर फार हळू सरकत होतं.

मी जवळ गेले. माझ्या शून्यांवर त्यांनी एकेक आडवी रेघ मारली होती. रेघ थरथरत गेलेली, पण खालचा आकडा वाचता येईल अशी. चुकलेली नोंद खोडायची त्यांची पद्धत तीच होती, गिरवायचं नाही, रबर वापरायचं नाही, एक रेघ आणि शेजारी सही. शेजारी ‘ना. मे.’ होतं, किंवा ते असावं. प्रत्येक चौकटीत पुढे एक छोटी आडवी खूण, नोंद झाली नाही याची. नऊ चौकटी झाल्या होत्या, चार राहिल्या होत्या.

“पावणेआठपासनं बसल्यात तसं,” आई आतून म्हणाली. “म्हटलं, तूच सांगितलं असशील.”

“मी नाही सांगितलं.”

आईच्या हातातली भाकरी थापायची थांबली. आवाज थांबला म्हणून मला कळलं.

“आण्णा, हे काय करताय?”

“चुकलंय.” त्यांनी मान वर केली नाही. “हे तू पाहिलेलं नाहीस.”

“पण नऊ तारखेला पडला हे तुम्हीच सांगितलंत.”

“ऐकला. मोजला नाही.”

“मोजला की काल. आणि बाकीचे दिवस कोरडे होते हे सगळ्या गावाला माहीत आहे.”

“साडेआठला गाव तिथं नव्हतं,” आण्णा म्हणाले. त्यांचा आवाज चढला होता. थोडासाच, पण चढला होता. “खाली शेऱ्यात लिही. सोळा तारीख, अकरा वाजता, तेरा दिवसांचा मिळून दोन पॉइंट चार. का नाही घेतलं तेही लिही.”

“का नाही घेतलं, काय लिहू?”

“घेतलं नाही, असं लिही.”

नऊ डिसेंबरनंतर ते पहिल्यांदाच कुणावर तरी रागावले होते. मी वही घेतली नाही. उरलेल्या चार चौकटी त्यांनीच पुऱ्या केल्या. त्याला त्यांना अकरा मिनिटं लागली. मग शेरा मी लिहिला, त्यांनी सांगितला तसा, आणि माझ्या वहीतल्या बाराव्या दिवसाच्या निष्कर्षावरही एक आडवी रेघ मारली, खालचं वाचता येईल अशी.

८.२८ ला आण्णांनी घड्याळाकडे पाहिलं. मी थांबून बघू शकले असते. रेघा कुणी न सांगता मारल्या, म्हणजे कदाचित आता उठतीलही. तो विचार माझ्या मनात आला हे मी नाकारत नाही.

“चला,” मी म्हटलं.

ते उठले. त्या दिवशी शून्य होतं.

इथून पुढे सगळं सुरळीत झालं असं काही नाही. रेघांच्या दुसऱ्या दिवशी ते पुन्हा बसूनच होते, आणि तिसऱ्या दिवशीही. प्रत्येक गोष्टीला कुणीतरी चला, घ्या, दाबा म्हणावं लागायचं. मी म्हणत राहिले. नऊ मार्चला काटा शहाऐंशीवर गेला, जूनमध्ये एकशे बारावर. शर्टाची बटणं ते लावू लागले. अक्षर तिरकं झालं, पण वाचता येण्याजोगं. मुलाणी मॅडम म्हणाल्या, पूर्वीसारखा हात होणार नाही, पण येतोय तेवढा येऊ दे.

त्या वर्षी मला पुण्याला प्रवेश मिळाला. जायच्या आधी मी आईला सांगितलं, “रोज आठ पंचवीसला त्यांना ‘चला’ म्हण. बाकी काही नको.”

“मला न्हाय जमायचं,” आई म्हणाली. “त्यांला हुकूम सोडायचा? मी?”

तिनं दोन दिवस प्रयत्न केला. साडेआठच्या आधी भिंतीकडे तोंड करून ती म्हणायची, “वाजलं वाटतं साडेआठ.” आण्णा घड्याळाकडे बघायचे आणि म्हणायचे, “अजून तीन मिनिटं आहेत.” आणि बसून राहायचे.

म्हणून मी पुण्याहून फोन करायला लागले. रोज आठ पंचवीसला, वसतिगृहाच्या जिन्यात उभी राहून. “आण्णा, चला.” “हं.” कॉट करकरायची, काठी फरशीवर वाजायची, आवाज लांब जायचा. मी फोन ठेवायची नाही. सात-आठ मिनिटांनी काठी परत यायची आणि ते आकडा सांगायचे. पावणेदोन वर्षं एकही दिवस चुकला नाही.

शेवटच्या सत्रात एका सकाळी प्रयोगशाळेतला व्हॅक्यूम पंप बिघडला. त्याच्याशी झटताना घड्याळाकडे लक्ष गेलं नाही. लक्ष गेलं तेव्हा मी तशीच बाहेर पळाले आणि फोन लावला. आईनं उचलला.

“आण्णा कुठंयत?”

“मागं गेल्यात.”

“तू सांगितलंस?”

“मी कुठली सांगतीय? मी आत भाकऱ्या थापत हुते. काठी वाजली म्हणून बाहेर आले तर कॉटवर न्हाईत.”

मी फोन कानाला धरून उभी राहिले. थोड्या वेळानं दगडांवरून काठी येताना ऐकू आली, मग फरशीवरून, मग अगदी जवळ.

“शून्य,” आण्णा म्हणाले. “आणि तू अकरा मिनिटं उशिरा आहेस.”